फिकट डोळ्यांच्या माश्या

१३ एप्रिल

लोकांच्या लेकी माहेरी येताना लेकरं घेऊन येतात, आमची खुशबू माश्या घेऊन आली होती. आज गेली. कोंढ्याहून पवनी, पवनीहून नागपूर आणि तिथून रेल्वेने बंगलोर. काविळीने महिनाभर घरी पडून होती. तोंडावर आता जरा तेज आलंय, पण अंगावर मांस नाही.

माश्यांच्या बऱ्याचशा नळ्या ती घेऊन गेली. दोन माझ्याकडे ठेवल्या, समजा प्रवासात काही झालं तर असाव्यात म्हणून. केळ्यावर घोंगावतात त्याच या चिलटाएवढ्या माश्या, पण हिच्या पीएच.डी.च्या पाच वर्षांच्या अभ्यासातून तयार झालेल्या. पहिल्या नळीतल्यांचे डोळे फिकट, दुसरीतल्यांचे नारिंगी. मक्याचं पीठ, गूळ, खमीर आणि चायना ग्रास शिजवून नळीच्या तळाशी थापायचं, वरून कापसाचा बोळा. दहा-बारा दिवसांनी नव्या नळीत उलटायच्या. गारव्यात ठेवायच्या. एकही बाहेर सुटता कामा नये. तिच्या मॅडमनी सहीचा कागद दिला तेव्हाच घरी आणता आल्या.

बस येईपर्यंत तिचं सांगणं चालूच होतं. "आई, दुसऱ्या नळीतल्यांची पिल्लं तीन तऱ्हेची..." असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली, मला नको शिकवू. तेवढ्यात बस आली.

हे थांब्यावर आले होते. लेक पाया पडली तर म्हणाले, "हं." बस्स. दोन वर्षांपूर्वी साकोलीचं स्थळ तिने नाकारलं, तेव्हा मी यांच्याशी कडाकडा भांडले होते. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं असं एका अक्षरावर आलंय. यांचं म्हणणं मीच तिला सांगते, तिचं यांना. मी आहे म्हणून हे घर चालतं.

२० एप्रिल

खुशबू नक्की काय करते असं आज शेजारच्या जनाबाईने विचारलं. मी म्हटलं, जनुक असतात ना, त्यांना शरीर गप्प कसं बसवतं याचा अभ्यास करते. जनाबाई हसली. "गप्प बसवाले कोणी पाच वर्षं शिकते का, बाई?" मलाही हसू आलं. चौथीच्या वर्गाला गप्प बसवण्यात माझं आयुष्य गेलं, मला कुणी डॉक्टर म्हटलं नाही.

जनाबाईकडे कोशाचं बेणं आहे. पावसाळ्यात ऐनाच्या झाडांवर तिच्या रेशमाच्या अळ्या चढतील, तोवर कोशांच्या माळा मातीच्या घरात टांगून ठेवते. माझ्या माश्या बघून म्हणाली, याहीले कोसा येते का? नाही म्हटल्यावर तिची उत्सुकता संपली.

२२ एप्रिल

सकाळी उन्हाळी धानातली भेसळ काढायला यांच्यासोबत बांधीत गेले. बियाण्याचा प्लॉट आहे, तपासणीला माणूस येणार. उंच गेलेलं, वेगळ्या लोंबीचं रोप दिसलं की मुळासकट उपटायचं. या कामात माझी नजर यांच्यापेक्षा तेज. यांना एकेका रोपाची दया येते, चार वेळा पाहतात. मी एकदाच पाहते.

२७ एप्रिल

दुसऱ्या नळीत नव्या माश्या निघाल्या आणि पाहते तर काय! नारिंगींच्या मधे फिकट डोळ्यांच्या! शाळेतलं भिंग काढून पाहिलं. काही अगदी पांढऱ्या, काही पिवळट. म्हणजे नळ्या उलटताना पहिलीतल्या चार-दोन माझ्या हातून दुसरीत शिरल्या असणार, त्यांचाच हा पसारा. खुशबूने एकच काम सांगितलं होतं.

तिला फोन करणार होते. मग विचार केला, भेसळच आहे ना, काढून टाकू. नळी बर्फावर ठेवली की माश्या पाच मिनिटं निजतात. पांढऱ्या कागदावर ओतल्या, मोरपिसाच्या टोकाने एकेक बाजूला केली, फिकट तेवढ्या साबणाच्या पाण्यात. सत्तावीस. उरल्या त्या एका रंगाच्या, बियाण्याच्या बांधीसारख्या स्वच्छ. मनाला फार बरं वाटलं.

हे दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "तिले इचारलं का?"

मी म्हटलं, तुम्ही तुमचा धान बघा.

३ मे

पारा त्रेचाळीस. पहिल्या नळीतल्या फिकट माश्या सुस्त पडल्यात. मला त्या आधीपासूनच रोगट वाटत होत्या. रंग नाही, तजेला नाही. फ्रिजवरच्या कप्प्याला कूलरची हवा लागते, तिथे एकाच नळीची जागा आहे. नारिंगींना ती दिली. जगणाऱ्याला आधी जगवावं. फिकट आतल्या खोलीत ठेवल्या.

७ मे

पहिली नळी संपली. सगळ्या खाऊला चिकटून मेलेल्या. आतली खोली सिमेंटच्या छताची, दुपारी नुसती भट्टी होते. वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, फार नाही वाटलं. चांगल्या त्या शिल्लक आहेत.

९ मे



सकाळी खुशबूचा फोन आला. रडत होती. तिच्या प्रयोगशाळेत माश्यांवर बारीक किडे पडले, खाऊत शिरले. तिच्या सगळ्या नळ्या जाळाव्या लागल्या. "पर टेन्शन नाही आई, तुह्याकडे आहेत ना. पहिल्या नळीतल्या फिकट डोळ्याच्या, त्याच खऱ्या माह्या. पाचही वर्षं त्याच्यातच आहेत. पुन्हा बनवाले वरीस लागते न् सप्टेंबरात थेसिस द्याचा आहे. कशा आहेत?"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर लिहून दिलं मी.

१० मे

काही लिहावंसं वाटत नाही.

११ मे

शहापूरला रत्नमालेकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे, आले आहे. तिच्या नातवाचं बारसं. खरं म्हणजे घरातल्या त्या फ्रिजकडे बघवत नव्हतं. यांना सांगून आले की नारिंगींवर लक्ष ठेवा, जमलं तर मोजून ठेवा.

रत्नमाला म्हणाली, ताई, तुझा चेहरा उतरला. मी म्हटलं, ऊन. सगळ्यांना खपतं हे कारण उन्हाळ्यात.

१४ मे

आज घरी आले आणि बसल्या बसल्या खुशबूला फोन लावला. यांच्यासमोरच. बोलून टाकलं. फिकट मेल्या, मी मारल्या. आतल्या खोलीत मी ठेवल्या आणि दुसऱ्या नळीतल्याही मीच वेचून साबणात टाकल्या. आणि तुला खोटं बोलले.

  ती हळूच म्हणाली, "नारिंगी एकोणीसच आहेत ना अजून?"

एकोणीस? मीसुद्धा अजून मोजल्या नव्हत्या. मी यांच्याकडे पाहिलं, हे बाहेर बैलाकडे बघायला गेले. आमच्याकडे तीन वर्षांपासून बैल नाही.

मग तिने समजावलं, आणि मी या वेळी एकदाच मधे बोलले. जमेल तसं उतरवते आहे.

अंगाच्या प्रत्येक पेशीत सगळेच जनुक असतात. पाय घडवणारा जनुक डोळ्याच्या पेशीतही असतो. तरी डोळ्यातून पाय उगवत नाही, कारण तिथे तो बंद ठेवलेला असतो. बंद कोण ठेवतं? त्याच्या शेजारीच डीएनएची एक पट्टी असते. ती स्वतः काही घडवत नाही. बंद करणाऱ्या प्रथिनांना बोलावून आणणं, एवढंच तिचं काम. ती बिघडली तर माशीच्या डोक्यावर मिशीच्या जागी पाय उगवू शकतो. खुशबूने अशी एक पट्टी घेतली, तिच्यात चार अक्षरांचा बदल केला आणि तिच्या शेजारी डोळ्याच्या लाल रंगाचा जनुक बसवला आणि ही जोडी मुळात पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांत घातली. आता पट्टी काम करते की नाही ते डोळाच सांगतो.

"एकच पट्टी असली का रंग अर्धाच दबते, डोळा नारिंगी. एक मायकडून एक बापाकडून अशा दोन आल्या, शेजारी शेजारी बसल्या, का त्या एकमेकीले आनखी गप्प करतात. डोळा फिकट. आई, फिकट म्हंजे रोगट नाही. त्यायच्यात रंग डबल आहे, फक्त बोलून नाही राहिला."

मी म्हटलं, हे काही पटत नाही. दोघी मिळून आवाज वाढायला हवा. आमच्या वर्गात दोन पोरी शेजारी बसवल्या की...

"आई."

गप्प बसले.

म्हणजे दुसऱ्या नळीतल्या त्या फिकट माश्या भेसळ नव्हत्याच. नारिंगीच्या पोटी तीन तऱ्हा निघणारच होत्या: नारिंगी, पट्टी नसलेल्या शुभ्र पांढऱ्या, आणि दोन पट्ट्यांच्या फिकट. बसथांब्यावर ती हेच सांगत होती. तिच्या पाच वर्षांवर मी भेसळ समजून हात फिरवला.

पण आशा आहे. उरलेल्या एकोणीस नारिंगींमध्ये एकेक पट्टी आहेच. त्यांची पिल्लं झाली तर चारातली एक फिकट निघेल. फक्त या उन्हाळ्यात त्यांना पिल्लं व्हायला हवीत.

संध्याकाळी यांना विचारलं, तुम्ही तिच्याशी किती बोलता? म्हणाले, "बोलतो थोडंसं." यांचा फोन उघडून पाहिला. मी शहापूरला असताना तीन फोन, एक तर सत्तेचाळीस मिनिटांचा. एवढं काय बोलतात हे? माझ्यासमोर तोंडाला कुलूप आणि माझी पाठ वळली की सत्तेचाळीस मिनिटं! मला फार लागलं. जेवले नाही.

१९ मे

नव्या खाऊवर पाच दिवस झाले, अळी एकही नाही. अंडी दिसतात, फुटत नाहीत. खुशबू म्हणते, उष्णतेने नर वांझ होतात, गारवा मिळाला तर चार-पाच दिवसांत सावरतील. माश्या सोळा उरल्यात. वीज दुपारी दोन-दोन तास जाते, कूलर बंद. फ्रिजमध्ये ठेवलं तर गारठून जातात.

माझा जीव थाऱ्यावर नाही. लेकीचं वर्ष माझ्या एका कप्प्यात अडकून पडलंय.

२० मे

जनाबाईला सगळं सांगून टाकलं. ती घरात आली, छताकडे पाहिलं, म्हणाली, "सिमिटाच्या घरात बेणं नाही जगत, बाई. तुम्ही मास्तरीण, तरी कोणी सांगतलं नाही तुमाले?"

तिचे कोसे जिथे टांगलेत तिथला गारवा अंगाला लागला तेव्हा कळलं. शेणामातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, खाली ओली रेती. दुपारी दोनला पारा एकतीस. खुशबू म्हणाली पंचवीस-सव्वीस हवं. हे ऐकत होते. उठले आणि तासाभराने एक मोठा रांजण आणि एक लहान मडकं सायकलला बांधून आले. रांजणात रेती, रेतीत मडकं, मडक्यात नळ्या, तोंडावर ओलं गोणपाट. रेतीवर सतत पाणी. आतला पारा सव्वीस.

जनाबाई म्हणाली, "भाऊ, कोशाले असंच करत जाईन आता."

हे म्हणाले, "हं."

२३ मे

हे दिवसातून सहा वेळा जनाबाईकडे रेतीवर पाणी घालायला जातात. पंचांगाच्या पानावर तारखेखाली बारीक अक्षरात पारा लिहून ठेवतात. सकाळी पंचवीस, दुपारी सव्वीस, चारला सत्तावीस. मला वाटायचं यांना लेकीच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही. साकोलीचं स्थळ गेल्याचा राग अजून धरून बसलेत असं मी रत्नमालेलाही सांगितलं होतं बारशाला.

आज विचारलंच, राग आहे का अजून? गोणपाट पिळत म्हणाले, "राग तं तवाच गेल्ता. आठ दिसात."

मग दोन वर्षं बोलला का नाहीत?

"तुनं बोलू देल्लं तं बोलीन ना."

मी काही तरी उत्तर दिलं असणार. आता आठवत नाही. दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे आणि रागही येतोय, कारण मी जे केलं ते लेकीसाठीच केलं.

२५ मे

अळ्या! पांढऱ्या, सुतासारख्या, खाऊत वळवळताना दिसल्या. जनाबाईला मिठी मारली. ती म्हणाली, "बाई, अळीचं कवतिक मले सांगता?"

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, आजपासून लागला. बाहेर पंचेचाळीस.

२८ मे

जुन्या नारिंगी माश्यांतल्या फक्त चार जगल्या आहेत. आता सगळं त्या अळ्यांवर.

३० मे

अळ्या काचेवर चढून कोषात गेल्या. मी मोजल्या एकतीस, यांनी मोजल्या चौतीस. पुन्हा मोजल्या, चौतीसच. यांना घाई नाही, हे चार वेळा पाहतात.

खुशबूचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखी म्हणाले, "बाबा म्हणतात काळजी करू नको." हे समोरच बसले होते. यांनी असं काही म्हटलंच नव्हतं. मी कधीपासून असं करते?

२ जून

पहिल्या चार निघाल्या. तीन नारिंगी, एक पांढरी. खुशबूला फोटो पाठवला. म्हणाली ही कोरी आहे, हिच्यात पट्टीच नाही. फिकट असेल तिचा डोळा हळदीचं बोट पाण्यात बुडवावं तसा असेल, आणि भिंगातून नारिंगी ठिपके दिसतील, कुठे एक, कुठे दोन.

म्हणजे दिसायला दोन्ही पांढऱ्याच. एक रिकामी म्हणून पांढरी आणि एक भरलेली असून गप्प म्हणून. आणि मी एका नजरेत दोन्ही साबणात टाकल्या होत्या.

३ जून

आणखी नऊ. सहा नारिंगी, तीन पांढऱ्या. फिकट नाही. खुशबूला सांगितलं तर "होईल" म्हणाली, पण आवाज तिच्या काविळीतल्यासारखा होता. तिने मॅडमना विचारून ठेवलंय, थेसिस एक वर्ष पुढे ढकलता येईल का म्हणून. मला सांगताना "काही होत नाही आई" म्हणाली. मुलीने आपल्याला समजवावं अशी वेळ माझ्यावरच आली आणि ती मीच आणली.

४ जून

सकाळी सात वाजता नळी घरी आणली, बर्फावर ठेवली, कागदावर ओतली. रात्रीत अकरा निघाल्या होत्या. मी भिंग उचललं आणि परत ठेवलं. यांना म्हटलं, "तुम्ही बघा. मी घाईने बघते."

हे चष्मा वर करून वाकले. एकेक माशी पिसाने फिरवून पाहत होते. मला वाटलं आता बर्फ वितळणार, माश्या उठणार. तोंड घट्ट मिटून बसले.

"नारिंगी. नारिंगी. ही पांढरी." मग थांबले. "हे पाह्य, बाई."

मी पाहिलं. पिवळट डोळा.

"ठिपका आहे," हे म्हणाले. "एक. नाही, दोन. हे रिकामी नाही."

तिच्यानंतर आणखी दोन सापडल्या. तिन्ही फिकट. त्यातल्या दोन माद्या, एक नर. खुशबूने ओळखायला शिकवलं होतं: नराच्या पुढच्या पायावर काळा कंगवा असतो. म्हणजे जोडी आहे. म्हणजे बीज आहे. मी कागदावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मागे सरकले.

माश्या नळीत घातल्या, बोळा घट्ट लावला. मग मी फोन लावला. दुसऱ्या घंटेला खुशबूने उचलला. "आई? आई, बोल ना."

तोंडापर्यंत आलं होतं. तीन निघाल्या, जोडी आहे, तुझे बाबा म्हणतात... सगळं वाक्य तयार होतं. यांच्याकडे पाहिलं. हे पिसाचं टोक पुसत होते, पुसलेलं पुन्हा पुसत होते.

मी फोन यांच्या हातात दिला आणि अंगणात आले.

 आतून आधी "हं." मला आत जाऊन सांगून टाकावंसं वाटलं, पाय उचललाही होता. मग यांचा आवाज आला. आधी हळू, मग मोठा होत गेला. ठिपके सांगितले, कंगवा सांगितला, रांजणातला सव्वीसचा पारा सांगितला. मग म्हणाले, "नाही वं माय, मी कायले रागावू तुह्यावर?" आणि त्यानंतर जे बोलले ते त्या दोघांचं आहे, ते इथे लिहीत नाही.

मी पायरीवर बसून होते. चुलीवरचा भात लागल्याचा वास येत होता. येऊ दिला.